हत्तीची दुसरी घंटा

"अक्का, रेवू का हो एवढी खोकतेय?"

पद्मजानं स्वयंपाकघरातून हाक मारली तेव्हा मी मागच्या मोरीपाशी उकिडवी बसून टबातलं साबणाचं पाणी ओतत होते. तशीच ओल्या हातांनी पुढच्या सोप्यात धावले. रेवू दिवाणाची कड धरून उभी होती. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी, आणि खोकला थांबायलाच तयार नाही. मी तिला उचललं, गुडघ्यावर पालथी घेतली आणि पाठीवर थापट्या मारल्या. दोन ढासा आल्या, मग एक लांब श्वास आत गेला आणि सगळं शांत झालं. रेवूबाई माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा.

"काही नाही गं, पाण्याचा ठसका लागला," मी ओरडून सांगितलं. तिचा पाण्याचा पेला तिथंच कलंडलेला होता.

"तोंडात काही घातलं नाही ना?"

"नाही. मी इथंच आहे की."

मी तिथं नव्हते. पण ते 'इथंच' इतक्या सहज तोंडातून गेलं की मला ते खोटं वाटलंच नाही. घरात आपण असली खोटी दिवसाला दहा बोलतो.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, सांगलीत धाकट्या भावाच्या घरी राहणारी. श्रेणिक माझा भाऊ, पद्मजा त्याची बायको आणि रेवू त्यांची तेरा महिन्यांची लेक. माझा धंदा सांगितला की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे खेळणी?" खेळणी नव्हेत हो. परदेशातून रेझिनचे सुटे भाग डब्यात भरून येतात. घोडा, जहाज, योद्धा, काय वाट्टेल ते. पुण्या-मुंबईचे हौशी लोक ते मागवतात आणि जोडायचा, रंगवायचा धीर झाला नाही की डबा माझ्याकडे पाठवतात. त्यांना वाटतं रंग देणं हेच खरं काम. कसलं काय! रंग चार दिवसांत होतो, आधीची तयारी पंधरा दिवस खाते. भाग साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट काहीतरी फासलेलं असतं. ते कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासून काढावं लागतं, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघून येतो. ओतताना राहिलेले देठ कापायचे, वॉटर पेपर भिजवून कडा घासायच्या, बारीक भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाकडं आलेलं असेल ते कढत पाण्यात धरून सरळ करायचं. मग घासल्याचा चुरा जावा म्हणून सगळं पुन्हा साबणाच्या पाण्यात धुवायचं, आणि तेव्हा कुठं प्रायमर. आणि दर पायरीला भाग मोजायचे, ही माझी सवय.

त्या फेब्रुवारीत माझ्याकडे अंबारीचा हत्ती आला होता. त्रेचाळीस भाग. त्यांत हत्तीच्या दोन्ही अंगांना लटकवायच्या दोन घंटा होत्या, अगदी सारख्या, शेंगदाण्याएवढ्या. रंगही सोललेल्या शेंगदाण्याचाच.

घरात माझ्यासाठी नियम एकच होता आणि तो पद्मजानं हात जोडून घातला होता. "अक्का, तुमचं काम माडीवर. खाली रेवूच्या हाताला लागेल असं काही आणू नका." मी तो पाळतही होते. पण त्या शनिवारी दुपारभर लोडशेडिंग, माडीवरचा पंखा बंद आणि धुतलेले भाग तर वाळायला हवे होते. सोप्यात खिडकीतून छान ऊन यायचं. मी दिवाणावर पेपर पसरून भाग मांडले, रेवूला खाली सतरंजीवर डबे-चमचे देऊन बसवलं आणि टब रिकामा करायला मागं गेले. तीन मिनिटं, फार तर चार. ती धरून उभी राहायला लागली त्याला आठ दिवस झाले होते. तिचा हात दिवाणावर पोचतो हे मला दिसलेलं होतं, पण तेव्हा डोक्यात आलं नाही.

ऊन उतरल्यावर भाग गोळा केले आणि मोजले. बेचाळीस भरले. पुन्हा मोजले. डब्यातला चित्रांचा कागद काढून एकेका भागावर खूण केली. एक घंटा नव्हती.

दिवाणाखाली बघितलं, सतरंजी झटकली, गादीच्या फटीत बोटं घातली.

"काय शोधताय?" पद्मजा पदराला हात पुसत बाहेर आली.

"हत्तीची घंटा. धुताना पाण्याबरोबर मोरीत गेली वाटतं."

"अगं बाई! आता हो?"

"मागवीन दुसरी. त्यात काय."

"तोवर हत्ती मुकाच म्हणायचा तुमचा!" ती हसली. मीही हसले.

आमच्या कामात भाग हरवला की तो दोनच ठिकाणी गेलेला असतो. कापताना उडाला, नाहीतर धुताना वाहून गेला. म्हणून टब ओतताना खाली गाळणं धरायचं असतं. ते मी त्या दिवशी धरलं नव्हतं, आणि भाग मांडताना मोजायचंही राहून गेलं होतं. म्हणजे मोरीत गेली असं म्हणायला मला जागा होती. तिसरं ठिकाण सुचलंच नाही असं मी सांगू शकते, पण कशाला सांगू? सुचलं. रेवूचं ते लाल तोंड डोळ्यांसमोर आलं. उठून मोरीची जाळी बघायला दहा पावलं होती. मी गेले नाही. मला ती बघायची नव्हती.

भीती कसली होती विचाराल, तर शिव्यांची नव्हती. पद्मजा शिव्या देणारी बाईच नव्हे. भीती एवढीच, की हे कळल्यावर ती रेवूला माझ्याकडे पुन्हा देणार नाही. सकाळी उठल्या उठल्या 'आता, आता' करत रेवू माडीच्या पायऱ्यांपाशी येऊन बसायची, ती माझ्यासाठी. आत्या म्हणता येत नव्हतं तिला. त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

रविवारी रेवू खेळली, जेवली, चमच्यानं डबा बडवून आमचे कान किटवले. मी मनात म्हटलं, सुटलो. दुपारी ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी सहज खाली वाकले, तर तिच्या श्वासाबरोबर आतून बारीक शिट्टी वाजत होती. दूर कुठंतरी कुकरची व्हावी तशी.  मी तिच्या छातीला कान लावला. उजवीकडे लावला, डावीकडे लावला. मला काय कळणार होतं त्यातलं? दर थोड्या वेळानं मी तिच्या छातीकडे बघायला जायचे.

"नजर लागेल की हो तिला तुमची," पद्मजा म्हणाली.

"सर्दी झालीय बहुतेक."

"उद्या दाखवून आणू. श्रेणिक सुरतेहून बुधवारी येणार, तोवर कशाला थांबायचं?"

सोमवारी सकाळी आम्ही दोघी तिला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टर हेरवाड्यांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ छाती तपासली, फोटो काढून आणायला लावला आणि तो खिडकीशी धरून बघितला.

"उजव्या बाजूला हवा कमी जातेय. हिनं काही गिळलं-बिळलं का? शेंगदाणा, मणी, बटण?"

 मी तोंड उघडायच्या आत पद्मजाच म्हणाली, "नाही डॉक्टर. शनिवारी ठसका लागला होता तेवढा, पण अक्का जवळच होत्या. त्यांची नजर म्हणजे काय सांगू, सुईच्या टोकाएवढं काम करतात त्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

"फोटोत तर काही नाही. धातूचं असतं तर दिसलं असतं. शेंगदाणा, प्लास्टिक असलं काही फोटोत येत नाही, तिथं मला घरच्यांच्या सांगण्यावरच जावं लागतं. तुम्ही नक्की म्हणताय, तर छाती भरलीय असं धरून औषध देतो. वाफ द्या. वाढलं तर मात्र थांबू नका."

रिक्षात पद्मजा हलकी होऊन बोलत होती. फोटो चांगला आला, देवच पावला, श्रेणिकला उगीच फोन करून घाबरवायला नको. मी हो हो करत होते. रेवू माझ्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि ती शिट्टी माझ्या कानाशी चालू होती. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, सरळ माझ्याकडे बघून विचारलं होतं, आणि मी नक्की म्हटलं होतं. आता मागं कसं फिरायचं? जितका वेळ जाईल तितकं सांगणं अवघड होणार हे कळत होतं, तरी वेळ जाऊच देत होते. एवढी मी भ्याड आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दुपारी दोनला तिनं थोडं दूध घेतलं. मग खेळेना, हसेना. चारच्या सुमाराला झोपेतच तिच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जायला लागली. वाफ दिली, औषध दिलं. पद्मजा म्हणाली, "भुकेली असेल. चार घास पोटात गेले की बरं वाटेल तिला." आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात, त्यामुळं पाचला तिनं मऊ भाताचा कुकर चढवला.

मी माडीवर गेले. डब्यातून दुसरी घंटा काढली, मुठीत घेतली आणि मागच्या दारानं मोरीपाशी आले. गुडघे टेकून बसले. जाळी सिमेंटमध्ये पक्की बसवलेली होती, दिवाळीत श्रेणिकनंच बसवून घेतलेली, हलायचा प्रश्न नाही. तिच्या भोकावर मी घंटा ठेवली. गेली नाही. दुसऱ्या भोकावर ठेवली, उभी केली, आडवी केली, अंगठ्यानं दाबली. भोकं मुगाएवढी आणि ती शेंगदाण्याएवढी, कशी जाणार? बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं आणि घंटा तिथल्या तिथं बसून राहिली.

त्या मोरीशी मला जे वाटलं ते आजही कुणाला नीट सांगता येत नाही. पाचावर धारण बसणं म्हणतात ना, ते मी तेव्हा अनुभवलं.  आतून पद्मजाचा आवाज आला, "ये गं माझी बाय, आ कर." मी भिंतीला धरून उठले आणि धावले.

"पद्मजा, थांब! भरवू नकोस!"

तिचा हात तसाच राहिला. घास बोटांत, रेवूचं तोंड उघडं.

"अगं, तिच्या छातीत घंटा आहे. माझी. हत्तीची."

"काय?"

"मोरीत नाही गेली. जाणारच नाही, आत्ता बघून आले मी. शनिवारी मी जवळ नव्हते, मागं होते. भाग दिवाणावर ठेवले होते वाळायला. तिनं घेतली. तो ठसका पाण्याचा नव्हता, पद्मजा."

तिनं घास ताटलीत ठेवला. हात धुतले, पुसले. एवढं सावकाश कुणी हात पुसताना मी बघितलेलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शनिवारी संध्याकाळी मोजले तेव्हापासून मनात होतं."

"आज सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"होतं."

 मला वाटलं आता मारेल. मारावंच असं वाटलं. पण तिनं रेवूला उचललं, शालीत गुंडाळलं आणि म्हणाली, "दुसरी घंटा बरोबर घ्या. दाखवायला लागेल."

डॉक्टर हेरवाड्यांना तिनं रिक्षातूनच फोन लावला. त्यांनी मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात कळवून ठेवलं. सांगली ते मिरज अंतर ते काय, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नलला मला वाटलं की इथंच संपणार. रेवूनं मध्येच माझ्याकडे यायला हात पुढं केले. पद्मजानं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तोंड फिरवलं. मी घंटेची मूठ आणखी घट्ट केली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाटच बघत होत्या. त्यांनी घंटा हातात घेऊन दिव्याखाली फिरवली.

"ही आणलीत ते फार बरं केलंत. कुठला चिमटा चालेल ते कळलं. टोकदार कुठं काही?"

"नाही. देठ कापून वॉटर पेपरनं घासलीय. गुळगुळीत आहे."

"आणि हे भोक?"

"तार ओवायला मीच पाडलंय. दोन्ही घंटांना आहे. आरपार."

"थोडी हवा जात असेल ती त्यातूनच. कधी गेली आत?"

"शनिवारी."

"शनिवारी? आज सोमवार आहे." त्या पद्मजाकडे वळल्या. "दोन दिवसांत आत सूज आली असणार. बेशुद्ध करून नळी घालून काढावी लागेल. काढताना निसटली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसली तर श्वास पूर्ण बंद पडू शकतो. हे आधी सांगणं माझं काम आहे. पोट रिकामं आहे ना?"

"दोनला दूध घेतलं होतं. जेवण भरवतच होते, पण नाही भरवलं," पद्मजा म्हणाली.

"नशीब."

सही करताना पद्मजाचं नाव कागदाच्या रेघेबाहेर गेलं. मग तिनं श्रेणिकचा नंबर लावला आणि फोन माझ्यापुढं धरला. "तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. शनिवारपासूनचं सगळं, सकाळच्या 'नक्की'सकट. 

"अक्का, तू?" एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "निघतो मी."

त्या बंद दारासमोर आम्ही एका बाकावर बसलो. मध्ये एका माणसाची जागा सोडून. पद्मजाचे ओठ हलत होते, णमोकार म्हणत होती. मीही म्हणायला लागले. जन्मभर म्हणत आलेला मंत्र, पण दुसऱ्या ओळीच्या पुढं काही केल्या आठवेना. पुन्हा सुरुवात करायची आणि पुन्हा तिथंच अडायची. बाहेर सूर्य मावळला. कुणाच्या तरी नातेवाइकानं आमच्यासमोर चहाचे पेले धरले, आम्ही दोघींनीही नको म्हणून माना हलवल्या. आतून एकदा भांडं पडल्यासारखा आवाज आला आणि पद्मजानं माझं मनगट पकडलं. कुणाचं पकडलंय हे ध्यानात आल्यावर तिनं ते सोडलं.

पाऊण तासानं दार उघडलं. डॉक्टरीणबाईंच्या हातात एक छोटी बाटली होती.

"निघाली. दोन्ही बाजूंना हवा चाललीय. आज-उद्या इथं राहू दे, बाकी ठीक आहे."

पद्मजा मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले नाही. जायचा हक्क कुठं होता मला?

रेवूला खोलीत आणलं तेव्हा ती गुंगीत होती. ओठ सुकलेले, हाताला सुई. छाती मात्र सरळ, शांत हलत होती. शिट्टी नव्हती. पद्मजा तिला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मी दाराशी उभी. आत यावं की बाहेर जावं, की रिक्षा करून घरी जाऊन सामान बांधावं, यातलं काहीच सुचत नव्हतं. श्रेणिक सकाळपर्यंत पोचणार होता. त्याच्या समोर उभं राहायची कल्पनाच सहन होत नव्हती.

"अक्का, इकडे या."

मी गेले.

"बसा." मी बसले. तिनं रेवूला उचलून माझ्याकडे केलं. "धरा हिला. मी तोंड धुऊन येते."

मी दचकून मागं सरकले. "मी नको गं. नर्सबाईंना बोलाव."

"का?"

"माझ्याकडे कशी देतेस तू हिला? माझ्याकडे?"

"माफ-बिफ मी काही केलेलं नाही," पद्मजा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, आवाज साफ बसला होता. "ते होईल तेव्हा होईल, नाहीतर नाही होणार. पण हिच्याजवळ डोळ्यांत तेल घालून बसायला मला आत्ता कुणीतरी पाहिजे. तुमच्याइतकं घाबरलेलं माणूस मी दुसरं कुठून आणू?"

तिनं रेवूला माझ्या मांडीवर ठेवलं, सुईचा हात नीट वर घेतला आणि निघून गेली. मी पोरीला दोन्ही हातांनी धरून बसले. थोड्या वेळानं पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला. मी हलले नाही.